झांज येते काय?

माझ्या धाकट्या भावावर मी पहिल्यापासून जळतो, हे आता पन्नाशीला टेकल्यावर कबूल करायला हरकत नाही. तो बोटीवर असतो, मोठ्या मालाच्या बोटीवर, इंजिनात. आठ-नऊ महिने दर्यावर आणि उरलेले घरी, राजासारखे. मी रत्नागिरीत एका कचेरीत कारकून आहे. दर्या मला जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून दिसतो, तोसुद्धा समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीने जेवढा दाखवायचा ठरवला असेल तेवढाच. त्याने पूर्णगडला स्लॅबचं घर बांधलं, मी वास्तुशांतीला जेवून आलो. त्याने आईला विमानाने काशीला नेलं, मी फोटो बघितले. हे सगळं मी गिळलं. पण दोन वर्षांपूर्वी वैशाखात तो सुट्टीवर आला, माझ्या घरी टीपॉयवर एक चामड्याची डबी ठेवली आणि म्हणाला, "दादा, हे जरा बघ." त्या दिवशी मात्र माझ्या पोटात खरोखर दुखलं.

डबीत कानात घालायचे इअरफोन होते. वायरचे. बाजारात शंभर रुपयांना मिळतात तसले नव्हेत. ज्यांना या गोष्टींचं वेड आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना नाही त्यांनी एवढंच समजावं, की त्यांच्या किमतीत आमच्याकडे कुणी बऱ्यापैकी दुचाकी घेईल. आणि नेमका तोच सेट. दोन वर्षं मी इंटरनेटवर त्याचे फोटो बघत होतो, त्याच्याबद्दल परदेशातल्या माणसांनी लिहिलेलं वाचत होतो. मनातल्या मनात मी तो दहा वेळा विकत घेतला होता आणि दहा वेळा बायकोला काय सांगायचं ते ठरवलं होतं.

माझं वेड गावात माहीत आहे. कचेरी सुटल्यावर मी इअरफोन तपासतो. दुकानदार ओळखीचे आहेत, ते नवीन काही आलं की दोन दिवसांसाठी देतात. मित्रांच्या मुलांना बारावीनंतर काही घ्यायचं असेल तर आई-बाप आधी मला विचारतात. माझी एक वही आहे. प्रत्येक सेटला एक पान. कानात किती वेळ टोचत नाही, घाम आला की निसटतो का, वायर शर्टाला घासली की कानात खरखर येते का, खर्ज कसा, पेटी कशी, गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतो का. बायको म्हणते, "देवाची पोथी एवढ्या भक्तीने लिहिली असतीत तर मोक्ष मिळाला असता." मिळाला असता कदाचित. पण माझ्याकडे दुसरं होतं काय? माझ्याकडे कान होता.

कान माझ्याकडे आहे हे बाबांनी ठरवलं होतं. बाबा पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी लहान होडीने मासे मारायचे. काही मासे पाण्यात आवाज करतात. घोळ करते, ढोमा करतो, थवा जवळ आला की पाण्याखाली बेडकं डरावतात तसं काहीसं चालू होतं. वरून ते ऐकू येत नाही. बाबा वल्ह्याचं पातं पाण्यात सरळ धरायचे, दांडा कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. होडीत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आवाज आला की ते फक्त एक बोट वर करायचे, आणि बाकीचे जाळं सोडायचे.

आम्हा दोघांना त्यांनी हे शिकवलं. "तोंड उघडं ठेव," ते सांगायचे. "दातावर दात आला की कान बुजतो." मी नऊ वर्षांचा असताना मला पहिल्यांदा मासा ऐकू आला आणि मी बोट वर केलं. बाबांनी खरंच जाळं सोडलं आणि मासळी खरंच निघाली. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. त्याने लगेच वल्हं ओढून घेतलं, कान लावला आणि म्हणाला, "माला पन येतो! येतो, येतो!" त्याला काही येत नव्हतं. खोटं बोलताना तो खालचा ओठ आत घ्यायचा आणि माणसाकडे न बघता पाण्याकडे बघायचा. मी ओरडलो, "बाबा, खोटं बोलतोय!" बाबा हसले आणि म्हणाले, "कान ह्याचा, हात त्याचा." वाटणी झाली. हाताने त्याने जगभर कमावलं. मी कान घेऊन रत्नागिरीत बसलो.

ती वाटणीसुद्धा त्याने पाळली नाही, हे माझं खरं दुखणं. त्या दिवशी टीपॉयपाशी चहा पिताना तो सांगत होता, "इंजिनात पंप बिघडायला लागला ना, की मी लोखंडी सळी पंपाला टेकवतो आनि दुसरं टोक कानाला. आतला आवाज बरोब्बर कळतो. बाबांचं वल्हंच ते! साहेब लोक बोलवून नेतात मला. कानाला ती मोठी झापडं देतात घालायला, पन ती घालून सळी कशी लावनार? काढून ठेवतो मी."

माझी बायको कौतुकाने ऐकत होती. मी बिस्किट मोडत होतो. बाबांचं वल्हं माझं होतं. तेही याने बोटीवर नेऊन लोखंडाचं केलं आणि त्यावर साहेबांची शाबासकी मिळवली.

"हे चार दिवस ठेव," तो डबीकडे बोट करून म्हणाला. "तुझ्यासारखा कान आपल्यात कुनाचा नाय. ऐक आनि काय ते खरं सांग." जाता जाता दारात थांबला. "बाबांचं भजन लावून बघ. तू पाठवलेलं. त्यात झांज येते काय ते बघ."

ते भजन मी टिपलं होतं. बाबांच्या शेवटच्या गणपतीत, पूर्णगडच्या घरी, आरती झाल्यावर. पखवाज, पेटी, आठ-दहा गळे आणि बाबांच्या हातात झांज. पुढच्या शिमग्याच्या आत बाबा गेले. धाकटा तेव्हा दुनियेच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याला येता आलं नाही. त्याने फोनवर हुंदके देत ते भजन मागितलं आणि मी पाठवलं. पाठवताना मनात आलं होतं, ते लिहूनच टाकतो: चला, एक गोष्ट तरी अशी आहे की जिथे मी होतो आणि तू नव्हतास.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी अंघोळ करून, शर्ट काढून, पंख्याखाली बसून मी डबी उघडली. वेलदोड्याएवढे दोन तुकडे, धातूचे, कानाच्या आतल्या वळणांसारखे घडवलेले. वायर विणलेली, मऊ, कानावरून मागे टाकायची. बरोबर रबरी बोंडं सहा मापांची. वैशाखात आमच्याकडे माणसाचा कानसुद्धा घामेजतो. साध्या सेटची बोंडं दहा मिनिटांत निसटतात आणि पाऊण तासात कानाच्या भोकाशी दुखायला लागतं. हा बसला तो बसलाच. तास झाला तरी कानात काही आहे असं वाटेना. मला फार वाईट वाटलं. कुठेतरी टोचेल अशी माझी आशा होती.

मग पहिली रचना लावली आणि जीव भांड्यात पडला. खर्ज नव्हताच! तबल्याचा डगा म्हणजे पत्र्यावर टिचकी. एवढा गाजावाजा आणि आत हे? मी वही ओढली, आनंदाने लिहायला लागलो, आणि थुंकी गिळायला तोंड मिटलं. त्याबरोबर डगा आला. असा आला, की मी वळून मागे बघितलं.

माझ्या लक्षात आलं. मी बाबांच्या शिकवणीप्रमाणे तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. वल्ह्याला ते बरोबर, पण इथे जबडा खाली गेला की कानाची वाट रुंदावते, बोंडाभोवती फट पडते आणि खर्ज तिथून निघून जातो. इतकी वर्षं मी असंच ऐकत आलो होतो. माझ्या वहीतल्या निम्म्या पानांवर 'बेस कमी' लिहिलंय, ते बिचारे सेट माझ्या उघड्या तोंडाचे बळी.

तोंड घट्ट मिटून मी भजन लावलं.

पखवाज उजवीकडे होता, पेटी जरा मागे, आमच्या माजघराच्या दाराशी, जिथे ती खरोखर ठेवली होती. आणि मधोमध झांज. प्रत्येक ठोका वेगळा, आणि ठोका विरत जाताना शेवटचा बारीक सूर भिंतीपर्यंत जाऊन संपायचा. बाबांच्या बोटात पवळ्याची अंगठी असायची. ती झांजेच्या कडेला लागून अगदी बारीक 'टिक' व्हायची. भजन मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल, ही अंगठी कधी ऐकू आली नव्हती. मध्ये एका कडव्याला बाबा झांज खाली ठेवतात आणि खोकतात. तो खोकला इतका जवळ आला, की माझा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला.

मी रडलो. आणि रडता रडता जळलो, दोन्ही एकदम. बाबांची अंगठी आता त्याच्या मालकीची झाली होती. जो तिथे नव्हता, ज्याला सहाव्या वर्षीही मासा ऐकू आला नाही, त्याच्या खिशात. चणे त्याच्याकडे आणि दात माझ्याकडे, असा देवाचा न्याय.

पाचव्या दिवशी तो निकाल ऐकायला आला. मी वही उघडून बसलो होतो. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं एक पान मी तयार ठेवलं होतं.

"कानाला बरे आहेत," मी म्हणालो. "बसतात. खर्ज ठीक. वरचे आवाज मात्र दबलेत."

"वरचे म्हंजे?"

"बारीक सगळे. घुंगरू, टाळ."

"बाबांची झांज?"

मी चष्मा पुसला. "येत नाही."

"अजाबात नाय?"

"नावाला. फसवलं तुला दुकानदाराने."

त्याचा चेहरा पडेल, तो पडताना मी बघेन, एवढंच मला हवं होतं. पण तो खुर्चीत मागे रेलला, मोठा श्वास सोडला आणि हसायला लागला. चहा एका दमात प्यायला, दुसरा मागितला, माझ्या बायकोची थट्टा केली. उठताना डबी माझ्याकडे सरकवली. "ठेव तुझ्याकडंच. मला काय करायचाय?"

तो जिना उतरला तरी मी डबीकडे बघत होतो. माणूस एवढा पैसेवाला होतो, की एवढी वस्तू फसली तरी हसतो, असा मी अर्थ लावला. त्याच्या हसण्यावरही जळलो. मग दार लावून घेतलं, इअरफोन कानात घातले आणि तोंड मिटलं.

पुढचे आठ दिवस मी सुखात होतो. लाज वाटत होती, नाही असं नाही, पण ती कचेरीत वाटायची. घरी आलं की ऐकायला बसायचो आणि लाज संपायची.

नवव्या दिवशी दुपारी धाकट्याच्या बायकोचा फोन आला. फणसपोळी पाठवत होती, एस. टी.च्या कंडक्टरकडे. ते सांगून झाल्यावर म्हणाली, "दादा, तुमचे उपकार झाले बघा. हे आता नीट जेवायला लागलेत."

"म्हणजे?"

"तुम्हाला बोलले नायत काय? गेली दोन वर्सं ह्यांना बारीक आवाज ऐकू येत नाय. कुकरची शिट्टी येत नाय, फोन वाजलेला कळत नाय. सासऱ्यांचं भजन बोटीवर रोज लावायचे, त्यातली झांज येईना. फोनचे इअरफोन भिकार असतील म्हनून हे म्हागातले घेतलेनी. त्याच्यातनंपन येईना. मग घाबरले. कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावलेनी. बोलले, आदी दादाला दाखवतो, दादाला पन झांज येत नसेल तर सेटच तसा, माझे कान बरे. तुम्ही तसंच सांगितलंत. नंबर रद्द केलेनी. पुढच्या म्हयन्यात परत बोटीवर चढायचंय."

मी फोन ठेवला. डबी समोरच होती. तो का हसला, ते मला कळलं. आणि इतकी वर्षं झापडं काढून, त्या इंजिनाच्या गोंगाटात, लोखंडी सळीला कान लावून तो काय गमावून बसला होता तेही कळलं. बाबांनी मला दिलेला कान मी त्याच्याविरुद्ध वापरला होता.

पहिला विचार काय आला, तेही सांगतो. गप्प बसावं, हा आला. तो जाईल बोटीवर, डबी राहील माझ्याकडे, कुणाला काही कळणार नाही. हा विचार बराच वेळ टिकला, फणसपोळीची एस. टी. येईपर्यंत. मग मी स्टँडवरून पुडकं घेतलं, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुसऱ्या दिवशी दहाचा नंबर लावला, डबी खिशात टाकली आणि स्कूटर पूर्णगडकडे, पावसच्या रस्त्याला घातली.

तो जेटीवर होता. ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत बसून कुणाचं तरी जाळं सांधून देत होता. हात त्याचा, खरंच. मी शेजारी बसलो. मला फार वळणं घेऊन बोलता येत नाही.

"मी खोटं सांगितलं," मी म्हणालो. "सेट उत्तम आहे."

त्याची सुई थांबली.

"झांज हाय त्यात?"

"आहे. बाबांच्या अंगठीसकट आहे."

त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "मग खोटं कशाला बोल्लास?"

"जळलो म्हणून."

"ह्या एवढ्याशा बोंडांवर?"

"बोंडांवर नाही. तुझ्यावर."

त्याने मला शिवी द्यायला हवी होती. मी तयार होतो, किंबहुना तीच घ्यायला आलो होतो. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्याला एवढंच ऐकू गेलं होतं, की झांज आहे. माझ्या जळण्याची सुद्धा त्याला आता किंमत नव्हती.

"उद्या दहाला डॉक्टरांकडे जायचंय," मी म्हणालो. "मी येतोय बरोबर."

"मला वाटतं तेव्हा माझी बोंडंच नीट बसली नसतील," तो म्हणाला. "लाव बघू परत."

एक बोंड मी त्याच्या कानात बसवलं, एक माझ्या. वायर दोघांत पुरण्याएवढी लांब नसते, त्यामुळे डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. त्याने सवयीने तोंड उघडलं.

"मिट," मी म्हणालो.

"बाबा बोलायचे उघडं ठेव."

"ते वल्ह्याला. ह्याला मिटून."

त्याने मिटलं. मी भजन लावलं. पखवाज सुरू झाला, त्याने मान डोलावली. पेटी आली. मग झांज आली, स्वच्छ, टिक वाजणाऱ्या अंगठीसह, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याची मान पखवाजाबरोबरच हलत होती. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या कडव्याला बाबांनी झांज खाली ठेवली आणि ते खोकायला लागले.

"येते," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. खालचा ओठ आत घेतलेला होता आणि नजर खाडीच्या पाण्यावर होती.

"येते रे दादा. आता येते. साफ येते."

बाबा खोकतच होते. चाळीस वर्षांपूर्वी मी होडीत उभा राहून ओरडलो होतो, तसं आता ओरडता येत नव्हतं. पण गप्प बसण्याचा हक्कही मी नऊ दिवसांपूर्वी खोटं बोलून संपवला होता.

"नाय रे," मी म्हणालो. "आत्ता बाबांनी झांज खाली ठेवलीय."

त्याने डोळे मिटले. पखवाज चालू होता, तो त्याला येत होता. कानातलं बोंड त्याने काढलं नाही. मला वाटलं आता उठून जाईल. तो तसाच डोकं टेकून राहिला आणि डोळे उघडून म्हणाला, "परत घेतली की सांग."

बाबांचा खोकला थांबला. मी बोट वर केलं.